माहिती पुरेशी आहे काय? : संख्यांच्या गुणधर्मांवरील माहिती-पर्याप्तता प्रश्नांची एक चिकित्सा

सारांश :

स्पर्धा परीक्षांमधील 'डेटा सफिशिअन्सी' म्हणजेच माहिती-पर्याप्तता हा प्रश्नप्रकार विद्यार्थ्याला उत्तर काढावयास सांगत नाही. दिलेल्या माहितीवरून उत्तर निश्चित होते किंवा नाही, एवढेच ठरवावयास सांगतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नप्रकाराची, विशेषतः संख्यांच्या गुणधर्मांवरील प्रश्नांची, चिकित्सा केली आहे. 'माहिती अपुरी आहे' हे दोन उदाहरणांनी दाखविता येते, परंतु 'माहिती पुरेशी आहे' हे सांगण्यासाठी सिद्धता लागते. हा भेद या प्रश्नप्रकाराचा गाभा असून परीक्षेच्या तयारीत नेमका तोच हरवतो, असे प्रतिपादन येथे केले आहे. तो परत मिळविण्याचे काम महाविद्यालयीन वर्गातच होऊ शकते, असा लेखाचा निष्कर्ष आहे.

बीजशब्द : माहिती-पर्याप्तता, संख्यांचे गुणधर्म, विभाज्यता, प्रतिउदाहरण, सिद्धता, कुट्टक.

१. प्रास्ताविक

गणिताच्या पाठ्यपुस्तकातील उदाहरण आणि त्याचा विद्यार्थी यांच्यात एक अलिखित करार असतो. उदाहरणात जेवढी माहिती हवी तेवढीच दिलेली असते आणि दिलेली सर्व माहिती कोठे ना कोठे वापरावयाची असते, असा तो करार होय. वर्षानुवर्षे या कराराखाली वाढलेला विद्यार्थी 'ही माहिती पुरेशी आहे काय?' हा प्रश्न स्वतःला कधीही विचारत नाही. तो विचारण्याची वेळच त्याच्यावर आलेली नसते.

माहिती-पर्याप्तता हा प्रश्नप्रकार हा करार मोडतो. त्यात एक प्रश्न व त्याखाली दोन विधाने दिलेली असतात. पहिले विधान एकटे पुरेसे आहे, दुसरे एकटे पुरेसे आहे, दोन्ही एकत्र घेतली तरच पुरेशी आहेत, प्रत्येक स्वतंत्रपणे पुरेसे आहे, किंवा दोन्ही एकत्र घेऊनही अपुरी आहेत, या पाचांपैकी एक पर्याय निवडावयाचा असतो. प्रश्नाचे प्रत्यक्ष उत्तर कोणी मागत नाही.

आज अनेक महाविद्यालयांत स्पर्धा परीक्षा मार्गदर्शन केंद्रे चालतात आणि तेथे हा प्रश्नप्रकार शिकविला जातो. तो बहुधा 'क्लृप्ती' म्हणून शिकविला जातो आणि गणिताच्या नियमित वर्गात त्याला स्थान नसते. या विभागणीमुळे काय गमावले जाते, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. प्रश्नप्रकाराची वाटचाल

हा प्रश्नप्रकार मूळचा अमेरिकन प्रमाणित चाचण्यांचा आहे. तेथील महाविद्यालयीन प्रवेशासाठीच्या सॅट या चाचणीत तो १९५९ मध्ये आला आणि १९७४ मध्ये वगळला गेला. त्याची जागा दोन राशींची तुलना करावयाच्या प्रश्नांनी घेतली. व्यवस्थापन शिक्षणाच्या प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या जीमॅट या परीक्षेत मात्र तो टिकला आणि दीर्घकाळ तिच्या गणित विभागाची ओळख बनून राहिला. नोव्हेंबर २०२३ मध्ये या परीक्षेची नवी आवृत्ती सुरू झाली आणि जुनी आवृत्ती ३१ जानेवारी २०२४ रोजी संपली. नव्या आवृत्तीत हे प्रश्न गणित विभागातून काढून 'डेटा इनसाइट्स' या वेगळ्या विभागात ठेवण्यात आले. त्या विभागात २० प्रश्नांसाठी ४५ मिनिटे असतात.

भारतात संघ लोकसेवा आयोगाच्या पूर्व परीक्षेत २०११ पासून आलेल्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेच्या, म्हणजे 'सीसॅट'च्या, अभ्यासक्रमात माहिती-पर्याप्ततेचा दहावीच्या पातळीवरील घटक म्हणून स्पष्ट उल्लेख आहे. २०१५ पासून ही प्रश्नपत्रिका केवळ ३३ टक्के गुणांची पात्रता मागते. महाराष्ट्र लोकसेवा आयोगानेही २०१३ पासून राज्यसेवा पूर्व परीक्षेत अशीच दुसरी प्रश्नपत्रिका आणली. त्यामुळे कला, वाणिज्य, कृषी अशा कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला या प्रश्नांना सामोरे जावे लागते.

जीमॅटमधील स्थलांतर अर्थपूर्ण आहे. गणित विभागातून बाहेर पडताना या प्रश्नप्रकाराविषयी एक गोष्ट मान्य झाली, असे म्हणता येईल : तो मुख्यतः आकडेमोडीचा नाही, माहितीच्या मूल्यमापनाचा आहे. आपल्याकडे मात्र तो अद्याप 'गणिताचे अवघड प्रश्न' याच कप्प्यात आहे.

३. संख्यांचे गुणधर्म हेच क्षेत्र का?

समीकरणांवरील पर्याप्तता-प्रश्नांत विद्यार्थ्याला एक हुकमी नियम सांगितलेला असतो : अज्ञात राशी दोन असतील तर समीकरणे दोन हवीत. वास्तव संख्यांच्या क्षेत्रात रेषीय समीकरणांपुरता हा नियम बऱ्याच अंशी चालतो. संख्या पूर्णांकच असल्या पाहिजेत अशी अट येताच तो कोलमडतो.

पुढील उदाहरण पाहावे. एका विद्यार्थ्याने ७ रुपयांची काही पेने आणि ५ रुपयांच्या काही पेन्सिली घेतल्या. त्याने प्रत्येकी किमान एक वस्तू घेतली. त्याने किती पेने घेतली? समजा, एकूण खर्च ३१ रुपये झाला, एवढेच सांगितले आहे. अज्ञात राशी दोन आणि समीकरण एक. नियमानुसार माहिती अपुरी ठरावी. प्रत्यक्षात पेने १, २, ३ किंवा ४ एवढीच असू शकतात आणि उरलेल्या अनुक्रमे २४, १७, १० व ३ या रकमांपैकी केवळ १० ला ५ ने निःशेष भाग जातो. म्हणून पेने ३ आणि पेन्सिली २. माहिती पुरेशी आहे. आता खर्च ३१ ऐवजी ४७ रुपये करावा. १ पेन व ८ पेन्सिली किंवा ६ पेने व १ पेन्सिल, असे दोन्ही हिशेब जुळतात. माहिती अपुरी ठरली. प्रश्नाचा सांगाडा तोच, समीकरणाचे रूप तेच. तरीही एकदा उत्तर निश्चित होते आणि एकदा होत नाही.

संख्यांच्या गुणधर्मांचे महत्त्व येथे आहे. सम-विषमता, विभाज्यता, मूळ संख्या, बाकी, पूर्ण वर्ग या विषयांत माहितीची पर्याप्तता बाह्य रूपावरून ओळखता येत नाही. संख्येच्या अंतर्गत रचनेत शिरावे लागते. विषय दहावीच्या पलीकडचा नाही, विचार मात्र दहावीच्या पलीकडचा आहे.

४. दोन दावे आणि दोन प्रकारची साक्ष

'विधान अपुरे आहे' आणि 'विधान पुरेसे आहे' हे दोन दावे वरवर एकाच नाण्याच्या दोन बाजू वाटतात. त्यांना लागणारी साक्ष मात्र पूर्णतः भिन्न आहे. विधान अपुरे आहे हे दाखविण्यासाठी विधानाची अट पाळणाऱ्या, पण प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे देणाऱ्या दोन संख्या पुरतात. विधान पुरेसे आहे असे म्हणणे म्हणजे अट पाळणाऱ्या प्रत्येक संख्येविषयी बोलणे होय. अशा संख्या बहुधा अनंत असतात. म्हणून तेथे उदाहरणे कितीही दिली तरी ती साक्ष होत नाहीत, कारण द्यावे लागते.

एक प्रश्न घेऊ. क्ष हा धन पूर्णांक आहे. क्ष ला १२ ने निःशेष भाग जातो काय? विधान १ : क्ष² ला ७२ ने निःशेष भाग जातो. विधान २ : क्ष³ ला ३६ ने निःशेष भाग जातो.

दुसरे विधान आधी पाहू. क्ष = ६ घेतल्यास घन २१६ येतो आणि त्याला ३६ ने भाग जातो; ६ ला १२ ने भाग जात नाही. क्ष = १२ घेतल्यास घन १७२८ येतो, त्यालाही ३६ ने भाग जातो आणि १२ ला १२ ने भाग जातो. दोन संख्या, दोन उत्तरे, विधान अपुरे. येथे काम संपले.

पहिल्या विधानाकडे वळताच चित्र बदलते. १२, २४, ३६ या संख्यांचे वर्ग १४४, ५७६, १२९६ असून त्यांना ७२ ने भाग जातो. तिन्ही वेळा उत्तर 'होय' येते. बहुतेक विद्यार्थी येथे थांबतात व 'पुरेसे' असे लिहितात. त्यांचे उत्तर बरोबर आहे, पण ते उत्तर त्यांनी कमावलेले नाही. कारण असे आहे : ७२ म्हणजे तीन २ आणि दोन ३ यांचा गुणाकार. कोणत्याही पूर्ण वर्गात प्रत्येक मूळ अवयव समसंख्येनेच येतो. म्हणून क्ष² मध्ये २ हा अवयव तीनदा असेल तर तो किमान चारदा असलाच पाहिजे; म्हणजे क्ष मध्ये तो किमान दोनदा आहे. ३ हा अवयव क्ष² मध्ये किमान दोनदा, म्हणजे क्ष मध्ये किमान एकदा आहे. ४ आणि ३ सहमूळ असल्यामुळे क्ष ला १२ ने भाग जातो. ही तीन-चार वाक्ये म्हणजेच या प्रश्नाचे खरे उत्तर होय.

उदाहरणांवर विसंबण्यातील धोका ऑयलरने १७७२ मध्ये निदर्शनास आणलेल्या एका प्रसिद्ध सूत्रावरून स्पष्ट होतो. क्ष² + क्ष + ४१ ही मूळ संख्या आहे काय, असा प्रश्न समजू. विधान १ : क्ष हा ५० पेक्षा लहान धन पूर्णांक आहे. विधान २ : क्ष हा एक-अंकी धन पूर्णांक आहे. पहिल्या विधानासाठी क्ष = १, २, ५, १०, २०, ३० घेतल्यास ४३, ४७, ७१, १५१, ४६१, ९७१ या संख्या मिळतात आणि त्या सर्व मूळ आहेत. परीक्षार्थी यापेक्षा अधिक उदाहरणे घेणार नाही. तथापि क्ष = ४० घेताच १६८१, म्हणजे ४१ चा वर्ग मिळतो. विधान अपुरे आहे. येथे सलग ३९ उदाहरणे 'होय' म्हणतात आणि चाळिसावे 'नाही' म्हणते.

दुसऱ्या विधानात मात्र शक्यता नऊच आहेत. ४३, ४७, ५३, ६१, ७१, ८३, ९७, ११३, १३१ या नऊही संख्या मूळ आहेत. म्हणून विधान पुरेसे आहे. येथे उदाहरणे तपासणे हीच सिद्धता झाली, कारण एकही शक्यता बाहेर राहिली नाही. म्हणजे 'संख्या घालून पाहणे' ही पद्धत सरसकट सदोष नाही. शक्यता मोजक्या असतील आणि सर्व तपासल्या असतील तर ती निर्णायक असते. अन्यथा ती केवळ अपर्याप्तता शोधण्याचे साधन असते. तयारीच्या पुस्तकांतील 'दोन-तीन किमती घालून पाहा' या सूचनेत हा फरक सांगितलेला नसेल, तर ती सूचना विद्यार्थ्याची दिशाभूल करते.

५. 'नाही' आणि 'पुरेसे नाही'

दुसरा गोंधळ भाषेतून येतो. प ही धन पूर्णांक संख्या मूळ आहे काय? विधान १ : प ही पूर्ण वर्ग संख्या आहे. विधान २ : प च्या विभाजकांची संख्या विषम आहे.

पूर्ण वर्ग संख्या कधीही मूळ नसते. १ ही मूळ नाही आणि १ पेक्षा मोठ्या कोणत्याही पूर्ण वर्गाला त्याच्या वर्गमुळाने भाग जातो. म्हणून पहिल्या विधानावरून प्रश्नाचे उत्तर निश्चितपणे 'नाही' असे मिळते. विधान पुरेसे आहे. तरीही अनेक विद्यार्थी 'प मूळ नाही, म्हणून विधान पुरेसे नाही' असे लिहितात. उत्तरातील नकार आणि माहितीतील अपुरेपणा यांची येथे गल्लत होते. निश्चित 'नाही' हे निश्चित 'होय' इतकेच पूर्ण उत्तर असते.

दुसरे विधान अधिक रंजक आहे. विभाजक सामान्यतः जोडीने येतात. १२ चे विभाजक १ व १२, २ व ६, ३ व ४ असे जोडीने मांडता येतात. जोडीविना एकच विभाजक उरावा यासाठी तो स्वतःचाच जोडीदार असावा लागतो, म्हणजे संख्या पूर्ण वर्ग असावी लागते. म्हणून दोन्ही विधाने वेगळ्या शब्दांत एकच गोष्ट सांगतात. हे ज्याच्या लक्षात आले त्याने उत्तराबरोबरच एक प्रमेय मिळविले. परीक्षेच्या दृष्टीने त्याला आणि अंदाजाने पर्याय निवडणाऱ्याला समान गुण आहेत.

६. न लिहिलेली अट आणि कुट्टकाची आठवण

पर्याप्ततेच्या प्रश्नात जे लिहिलेले नाही तेही वाचावे लागते. क्ष ही सम पूर्णांक संख्या आहे काय? विधान १ : ३क्ष ही सम पूर्णांक संख्या आहे. विधान २ : ५क्ष ही सम पूर्णांक संख्या आहे.

क्ष पूर्णांक आहे असे प्रश्नात कोठेही म्हटलेले नाही. ते दिलेले असते तर प्रत्येक विधान स्वतंत्रपणे पुरेसे झाले असते, कारण विषम संख्येने गुणून सम संख्या मिळाली तर मूळची संख्या समच असते. ते दिलेले नसल्यामुळे पहिल्या विधानात क्ष = २ चालते आणि क्ष = दोन-तृतीयांश हेही चालते; दुसऱ्यात क्ष = २ आणि क्ष = दोन-पंचमांश. दोन्ही विधाने एकेकटी अपुरी आहेत. एकत्र घेतल्यास काय होते? ३क्ष ची दुप्पट ६क्ष. त्यातून ५क्ष वजा केल्यास क्ष उरतो. सम पूर्णांकाच्या दुपटीतून सम पूर्णांक वजा केला तर सम पूर्णांकच मिळतो. म्हणून दोन्ही विधाने मिळून पुरेशी आहेत.

३ आणि ५ यांच्या पटींच्या वजाबाकीतून १ मिळविता येणे, कारण त्यांचा मसावि १ आहे, हा विचार भारतीय गणिताला परका नाही. इ. स. ४९९ च्या 'आर्यभटीया'पासून ज्या कुट्टक पद्धतीची चर्चा सुरू होते, तिचा पाया हाच आहे. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त (इ. स. ११५०) कुट्टकाला स्वतंत्र प्रकरण दिले आणि तेथे एक अट नमूद केली : भाज्य आणि हार यांना ज्या संख्येने भाग जातो त्या संख्येने क्षेपाला भाग जात नसेल, तर तो प्रश्नच 'दुष्ट', म्हणजे सदोष होय. सोडविण्यापूर्वी प्रश्न सुटण्याजोगा आहे काय हे तपासावे, ही शिस्त या अटीत आहे. ज्या प्रश्नप्रकाराला आपण आयात मानतो, त्याच्या मुळाशी असलेली दृष्टी आपल्या परंपरेत अशा रीतीने आधीच आढळते.

७. दुष्ट प्रश्न

भास्कराचार्यांची ही अट आजच्या प्रश्नकर्त्यालाही उपयोगी आहे. क्ष हा धन पूर्णांक विषम आहे काय? विधान १ : क्ष ला ४ ने भागल्यास बाकी १ उरते. विधान २ : क्ष ला ६ ने भागल्यास बाकी २ उरते.

पहिल्या विधानावरून क्ष विषम, उत्तर 'होय'. दुसऱ्यावरून क्ष सम; उत्तर 'नाही'. प्रत्येक विधान स्वतंत्रपणे पुरेसे आहे, म्हणून 'प्रत्येक स्वतंत्रपणे पुरेसे' हा पर्याय तांत्रिकदृष्ट्या बरोबर ठरेल. परंतु दोन्ही अटी पाळणारी संख्या अस्तित्वातच नाही. तशी संख्या असती तर ४ च्या व ६ च्या कोणत्या तरी पटींत १ चा फरक असता. ४ व ६ यांना २ ने भाग जातो, १ ला जात नाही. भास्कराचार्यांच्या भाषेत हा प्रश्न दुष्ट आहे. दोन्ही विधाने एकाच संख्येविषयी सत्य असली पाहिजेत, हा या प्रश्नप्रकाराचा मूलभूत संकेत येथे मोडला आहे.

यातून परीक्षार्थीला एक कसोटी मिळते. दोन्ही विधाने स्वतंत्रपणे पुरेशी वाटली तर त्यांची उत्तरे जुळली पाहिजेत. न जुळल्यास आपला हिशेब चुकला आहे अथवा प्रश्न सदोष आहे. जॉर्ज पोल्या यांनी १९४५ च्या 'हाऊ टू सॉल्व्ह इट' या ग्रंथात अटींविषयी चार शक्यता तपासावयास सांगितल्या आहेत : अट पुरेशी असणे, अपुरी असणे, गरजेपेक्षा अधिक असणे आणि परस्परविरोधी असणे. पर्याप्तता-प्रश्नाचे पाच पर्याय यांपैकी पहिल्या तीन शक्यता सामावून घेतात. चौथीला तेथे जागा नाही. प्रश्नकर्ता निर्दोष आहे असे गृहीत धरूनच हा प्रश्नप्रकार उभा राहतो. परीक्षेबाहेरच्या व्यवहारात मात्र परस्परविरोधी माहितीच अधिक वेळा समोर येते.

८. परीक्षेच्या चौकटीची मर्यादा

या प्रश्नप्रकाराचा सर्वांत मोठा दोष त्याच्या मांडणीत नसून मूल्यमापनात आहे. पर्याय निवडण्याच्या चौकटीला सिद्धता आणि अंदाज यांतील फरक दिसत नाही. ७२ च्या प्रश्नात तीन उदाहरणे पाहून थांबलेला विद्यार्थी आणि अवयवांचा विचार करणारा विद्यार्थी एकाच पर्यायावर येतात.

ही मर्यादा चार पर्यायांच्या रूपात अधिक तीव्र होते. संघ लोकसेवा आयोगाच्या अलीकडील काही प्रश्नपत्रिकांत 'एकाच विधानाने उत्तर देता येते, दुसऱ्याने नाही' असा एकच पर्याय असतो. पहिले विधान की दुसरे, हे विचारले जात नाही. चौकटीचे गणित त्यामुळे सोपे झाले, पण एक विचित्र शक्यता निर्माण झाली. ७२ च्या प्रश्नात एखाद्याने पहिले विधान अपुरे व दुसरे पुरेसे मानले, म्हणजे दोन्ही बाबतींत चूक केली, तरी त्याला त्या प्रश्नाचे अडीच गुण पूर्ण मिळतील. एका चुकीला दंड आहे. दोन परस्परपूरक चुकांना पारितोषिक आहे.

येथे परीक्षेची बाजूही ऐकली पाहिजे. दोन तासांत ८० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट, या वेळेत सिद्धतेची अपेक्षा धरणे अव्यवहार्य आहे, असा आक्षेप घेतला जाईल. त्यात तथ्य आहे. तथापि तो वाईट प्रश्नांना लागू पडतो. ज्याची सिद्धता दोन-तीन वाक्यांत मावते आणि ज्यातील सोयीची उदाहरणे फसवी असतात, तो चांगला पर्याप्तता-प्रश्न. अशा प्रश्नात कारण शोधणाऱ्याचा वेळ उदाहरणे घालत बसणाऱ्यापेक्षा कमी लागतो. याउलट ज्यात उदाहरणे घालून पाहणे हाच जवळचा मार्ग ठरतो, तो प्रश्न पर्याप्ततेची परीक्षा न घेता केवळ चिकाटीची घेतो. प्रश्नसंच निवडताना ही कसोटी शिक्षकाने लावावी. ऑयलरच्या सूत्रावरील वरील प्रश्न याच कसोटीवर परीक्षेसाठी अयोग्य आहे. वर्गातील चर्चेसाठी मात्र तो उत्तम आहे.

९. महाविद्यालयीन अध्यापनातील स्थान

माहितीच्या पुरेपणाचा विचार शाळेपासूनच दुर्लक्षित राहतो, हे केवळ आपल्याकडचे दुखणे नाही. फ्रान्समधील ग्रेनोबल येथील गणित अध्यापन संशोधन संस्थेने १९८० मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केले. जहाजावरील मेंढ्या व शेळ्यांची संख्या देऊन कप्तानाचे वय विचारले असता प्राथमिक शाळेतील बहुसंख्य मुलांनी दिलेले आकडे वापरून वय सांगितले. स्टेला बारुक यांनी १९८५ मधील आपल्या ग्रंथाला याच प्रश्नावरून नाव दिले. रशियन मानसशास्त्रज्ञ क्रुतेत्स्की यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गणिती क्षमतांच्या अभ्यासात अपुऱ्या आणि अतिरिक्त माहितीची उदाहरणे हेतुतः वापरली होती. माहितीचे मूल्यमापन हा गणिती क्षमतेचा स्वतंत्र घटक आहे, ही त्यामागील जाणीव होती.

या पार्श्वभूमीवर वर्गात सहज करता येतील असे तीन बदल सुचवावेसे वाटतात. पहिला, उत्तरासोबत साक्ष मागावी. 'अपुरे' म्हणणाऱ्याने वेगळी उत्तरे देणाऱ्या दोन संख्या लिहाव्यात. 'पुरेसे' म्हणणाऱ्याने 'कारण' या शब्दाने सुरू होणारे एक वाक्य लिहावे. गुणांचा मोठा वाटा साक्षीला असावा. दुसरा, तयार प्रश्नातील एक आकडा बदलून परिणाम तपासावयास सांगावे. ७२ च्या जागी ३६ घेतल्यास पहिले विधान अपुरे होते, कारण क्ष = ६ ही संख्या अट पाळते आणि तिला १२ ने भाग जात नाही. ही जाणीव दहा नवे प्रश्न सोडविण्यापेक्षा अधिक मोलाची आहे. तिसरा, विद्यार्थ्यांकडून प्रश्न तयार करून घ्यावेत आणि त्यांपैकी दुष्ट प्रश्न कोणते हे परस्परांकडून तपासून घ्यावे.

हे काम केवळ गणिताच्या शिक्षकाचे नाही. एका कागदपत्रावरून निष्कर्ष काढता येतो काय, हे विचारणारा इतिहासाचा अध्यापक, नमुना पुरेसा आहे काय हे विचारणारा संख्याशास्त्राचा अध्यापक आणि साक्षीपुराव्याची छाननी शिकविणारा विधी शाखेचा अध्यापक आपापल्या भाषेत हाच प्रश्न विचारत असतात. संख्यांच्या क्षेत्रात त्याचे उत्तर निर्विवादपणे देता येते, एवढाच फरक आहे. म्हणून या विचाराचा सराव संख्यांपासून सुरू करणे सोयीचे आहे.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतील.

१) माहितीच्या अपुरेपणासाठी दोन उदाहरणे पुरतात; पुरेपणासाठी सिद्धता किंवा सर्व शक्यतांची तपासणी आवश्यक असते. माहिती-पर्याप्तता प्रश्नाचे शैक्षणिक मूल्य या भेदात आहे.

२) संख्यांचे गुणधर्म हे या भेदाच्या अध्यापनासाठी विशेष अनुकूल क्षेत्र आहे, कारण तेथे अज्ञात राशी आणि समीकरणे मोजण्याचा यांत्रिक नियम चालत नाही.

३) पर्याय निवडण्याच्या परीक्षेला, विशेषतः चार पर्यायांच्या रूपाला, हा भेद मोजता येत नाही. त्यामुळे परीक्षेची तयारी हेच अध्यापनाचे उद्दिष्ट मानल्यास हा भेद शिकविला जाणार नाही.

४) परस्परविरोधी माहितीची शक्यता या प्रश्नप्रकाराने बाजूला ठेवली आहे. ती वर्गात परत आणली पाहिजे. 'लीलावती'तील कुट्टक प्रकरण त्यासाठी उत्तम आधार आहे.

पात्रतेपुरते ३३ टक्के गुण मिळविण्यासाठी यांपैकी कशाचीही गरज नाही, हे खरे आहे. परंतु ज्या विद्यार्थ्याला उद्या प्रशासनात बसून हाती आलेल्या माहितीवर निर्णय घ्यावयाचे आहेत, त्याला 'एवढ्यावरून ठरविता येणार नाही' असे म्हणण्याचे धैर्य आणि 'एवढ्यावरून ठरविता येते' असे म्हणताना कारण देण्याची सवय हवी. ती सवय लावण्याइतका वेळ महाविद्यालयाकडे आहे. दीड मिनिटाच्या प्रश्नाकडे तो नाही.